दोरीवरच्या घड्या

वाईच्या आमच्या घरात माजघराच्या पलीकडे एक अंधारी खोली होती. एरवी तिच्यात लोणच्याच्या बरण्या, उन्हाळी वाळवणाचे डबे आणि घडवंचीवर रचलेली जास्तीची अंथरुणं असायची. पण घरातली लेक सातव्या महिन्यात माहेरी आली, की त्या खोलीचा नूर पालटायचा. बरण्या हलायच्या, जमीन सारवली जायची, बाजेची सैल पडलेली सुतळी पुन्हा आवळली जायची, शेगडीला नवी माती लागायची. मग ती बाळंतिणीची खोली व्हायची. 1966 ते 1983 या सतरा वर्षांत आम्ही पाचजणींनी तिथे सव्वा-सव्वा महिना काढला. धाकटी आत्या, अक्का, ताई, मी आणि आमची धाकटी. आत्या त्याच खोलीत सुइणीच्या हातावर बाळंत झाली. बाकीच्या आम्ही दवाखान्यातून टांग्यात बसून, कानाला फडकं बांधून घरी आलो. पण पोराला अंगावर घ्यायचं कसं, ते शिकलो त्याच अंधारात.

त्या खोलीचा वास आम्हा पाचजणींच्या नाकात अजून आहे. निखाऱ्यांवर टाकलेला ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, लसणाची सालं, आणि त्यात मिसळलेला तिळाच्या तेलाचा आणि आंबूस दुधाचा वास. सकाळी न्हाणीघरात बंबातलं कढत पाणी पाठीवर पडायचं, मग बाजेवर शेक घेत आडवं व्हायचं. इतकी गाढ झोप लागायची की पोर रडायला लागलं तर आजीला आमचा खांदा हलवावा लागायचा. धुराने पोरांचेही डोळे चुरचुरत असतील. आता डॉक्टर सांगतात की तान्ह्या जिवाला धुरी देऊ नका, आणि ते खरंच आहे. तरी त्या शेकाची ऊब पाठीला आठवते, ती आठवतेच.

दाराआड, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, काथ्याची एक दोरी बांधलेली असे. तिच्यावर आजोबांच्या जुन्या धोतराच्या घड्या वाळत असत. वीतभर लांब, वीतभर रुंद, चार पदरी. धोतर धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असे की अंगाला लागलेलं कळायचंही नाही. या घड्या ब्लाउजच्या आत ठेवायच्या. भिजली की काढून दोरीवर टाकायची आणि दुसरी घ्यायची. दिवसातून दोनदा आजी त्या सगळ्या कढत पाण्यातून काढायची, पण मधल्या वेळात न धुतलेली घडी तशीच वाळायची. दुधाने वाळलेलं धोतर खळ दिल्यासारखं कडक होतं, एका कोपऱ्याला धरलं तर पुठ्ठ्यासारखं सरळ राहतं. उजव्या अंगाच्या घड्या दोरीच्या उजव्या टोकाला आणि डाव्या अंगाच्या डाव्या टोकाला, असा आजीचा दंडक होता. आम्हाला वाटायचं, म्हातारीची टापटीप. पण धुवायला नेण्याआधी ती एकेक घडी चिमटीत धरून बघायची, कुठलं टोक किती कडक झालंय ते. आमच्या दुधाचा सगळा हिशेब तिला त्या दोरीवर मिळत होता.

त्या सतरा वर्षांत दोरीची दोन्ही टोकं सारखी कडक झाल्याचं कुणालाच आठवत नाही. आत्याचं उजवं अंग भरलेलं, डावं रितं. अक्काचं आधी दोन्हीकडे बरं होतं, पण पुढे डाव्यावरच भिस्त. ताईचं उजवं एवढं की घडी तासभरसुद्धा टिकायची नाही. माझंही उजवंच जास्त. धाकटीचं पुढे सांगते.

आणि आम्ही पाचजणी, एका ताटात जेवलेल्या, एकमेकींच्या वेण्या घातलेल्या, हे एकमेकींशी कधी बोललो नाही. प्रत्येकीला वाटायचं, देवाने मलाच असं घडवलं. बोलायची सोयही नव्हती. बारशाला आलेल्या सासरच्या बायका पाळण्यात डोकावून म्हणायच्या, "दूध पुरतंय ना गं?" त्या विचारण्यात काळजी असेल, नाही असं नाही. पण बाजेवर बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीच्या छातीत धस्स व्हायचं. आत्याने कितीतरी वर्षांनी सांगितलं, की बारशाला ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली होती. सगळ्यांना तिच्या मर्यादशीलपणाचं कौतुक वाटलं. पदर एरवीसारखा डाव्या खांद्यावर असता तर उजवी बाजू उघडी राहिली असती, आणि एक बाजू मोठी, एक लहान, एक ओली, एक कोरडी, हे चार बायकांना दिसलं असतं.

आजीला न सांगता कळायचं, ते डोळ्यांपेक्षा कानाने. पोर अंगाला लावलं की ती निखाऱ्यांकडे तोंड करून बसायची आणि ऐकायची. "हे नुसतं चघळतंय," म्हणायची. किंवा, "आता गिळतंय बघ. गटक. ऐकलंस? गटक." पोर आधी भराभर ओढतं, मग पान्हा उतरला की ओढ लांब होते, आणि एकेका ओढीमागे गिळल्याचा हलका आवाज येतो. त्या आवाजाची तिने आम्हाला ओळख करून दिली. भरल्या अंगाला तो सलग यायचा, रित्या अंगाला तीन-चारदा येऊन थांबायचा. तो थांबला की पोर काढून घ्यायची घाई ती करू द्यायची नाही. "ओढू दे. ओढल्याशिवाय यायचं कुठून?"

तिची रीत साधी होती. पोर भुकेलं उठलं की आधी कमी अंगाला लावायचं, कारण भुकेलं पोर जोर लावून ओढतं. मग भरल्या अंगाला. आणि रात्री पेंगत पेंगत चोखायला लागलं की पुन्हा एकदा कमी अंगाला. कुठल्या बाजूने सुरुवात केली ते झोपेच्या धुंदीत विसरायला होतं, म्हणून ती ब्लाउजला एक सेफ्टी पिन लावून द्यायची. पाजून झालं की पिन दुसऱ्या बाजूला. आत्याच्या वेळी पिनेच्या जागी बांगडी असायची, काढून या हातातून त्या हातात. आत्याचा हात आता वाळलाय, पण बांगडी सरकवायची ती खूण तिने मला परवा करून दाखवली, डोळे मिटून, जशी रात्री करायची तशी.

आजीला हे कुणी शिकवलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तिच्या आईने, सासूने, हे तर आहेच. पण बावधनहून रोज पहाटे चरवी घेऊन येणाऱ्या गवळणीचाही त्यात वाटा होता. दूध मापून झालं की ती ओसरीवर टेकायची, चहा घ्यायची, आणि दोघी हळू आवाजात बोलायच्या. ताईच्या बाळंतपणात, 1974 साली, मी कुमारिका होते, माजघरात तांदूळ निवडत बसले होते. गवळण म्हणाली, "म्हशीला चार सडं, पन चारी सारकी असत्यात व्हय? मागच्या दोनाला जास्त, म्होरल्यांना कमी. एकांदं सड पिळायचं ऱ्हायलं, तर तेवढंच सड बसतंय. बाकीची तीन देतच ऱ्हात्यात." आजीने "हं" केलं. मला तेव्हा त्यात बाळंतिणीचा काही संबंध दिसला नाही. पण दुसऱ्या दिवशी आजी ताईला सांगत होती, "एक बाजू बसली म्हणजे सगळं बसलं असं नसतं. ज्याचं त्याचं वेगळं असतं."

आणि अगदी तसंच असतं. पान्हा फुटतो तो दोन्हीकडे एकदम, कारण त्याचा सांगावा रक्तातून येतो. म्हणून एका बाजूला पोर ओढत असतं आणि दुसऱ्या बाजूची घडी भिजते. पण दूध किती बनायचं, हे एकदा बाळंतपणाचे पहिले दिवस सरले की प्रत्येक बाजू आपापलं ठरवते. जी बाजू रिती होते ती पुन्हा भरते. जिथे दूध साचून राहतं तिथे त्या साचलेल्या दुधातूनच थांबायचा इशारा मिळतो. शास्त्रज्ञांनी शेळ्यांवर प्रयोग करून हे पाहिलंय. एकच बाजू वारंवार पिळली, तर त्या एकाच बाजूचं दूध वाढलं. बावधनच्या गवळणीने ते गोठ्यात पाहिलं होतं.

ताईची गंमत म्हणावी की हाल, कळत नाही. तिच्या उजव्या अंगाला गाठी यायच्या. गाठीची तिला धास्ती होती, कारण तीन वर्षांपूर्वी अक्काची गाठ पिकून चिरा द्यावा लागला होता, आणि अक्काचं रात्रीचं कण्हणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणून ताई पोर पाजून झालं की उजवी बाजू पितळी वाटीत पार शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढायची. एक वाटी, कधी दीड वाटी. वाटी भरलेली बघून तिला हायसं वाटायचं. दोन तासांत पुन्हा दगड. पुन्हा पिळायचं. आठ दिवसांत तिची उजवी बाजू इतकी फुगली की पोराला तोंडात धरता येईना, ठसका लागायचा, आणि डावीकडे कुणी बघायलाच तयार नव्हतं. आजी तेव्हा चार दिवस सातारला गेलेली. आल्यावर तिने वाटी उचलून फडताळात ठेवली. "विहीर उपसशील तेवढे झरे फुटतील. ताण हलका होईल इतकंच काढ. दहा-बारा धारा. बास." पहिले दोन दिवस ताई रडली, तिला ठणका सोसवेना. आजी गार पाण्यात भिजवलेल्या घड्या तिच्या छातीवर ठेवत बसली होती. चौथ्या दिवशी ठणका उतरला, आणि महिना सरता सरता दोरीचं डावं टोकही थोडं थोडं कडक व्हायला लागलं.

वाटीतलं ते दूध कधी बाळगुटी उगाळायला जायचं. सहाणेवर वेखंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, हळकुंड, जायफळ. आता सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात, आणि आमच्या नातवंडांना गुटी दिली नाही, ते बरंच झालं. उरलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून आजी तुळशीत ओतायची. 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. दिवस न भरलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या पोरांना तिथून दूध मिळायला लागलं. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा ताई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या उजव्या अंगाचं सगळं तुळशीला गेलं गं."

अक्काचं सांगायचं राहिलं. गाठ झाली, थंडी वाजून ताप भरला, तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात तिला सांगितलं, की त्या बाजूला पोर अजिबात लावू नको. तिने आठ दिवस लावलं नाही. दूध तुंबलं, गाठ पिकली. दूध मोकळं होत राहिलं असतं तर कदाचित वेळ आली नसती. आज त्याच बाजूला पाजत राहा असंच बहुधा सांगतात, आणि ताप असेल, गाठ उतरत नसेल तर लगेच डॉक्टरकडे पाठवतात. चिऱ्याचा व्रण राहिला, आणि पुढच्या दोन्ही बाळंतपणांत त्या उजव्या बाजूला दूध कमीच आलं. अक्का मानायची, की तिच्या हातून काही पाप घडलं होतं. चिरा पडला की आतल्या दुधाच्या वाटा तुटू शकतात, हे तिला साठीत कळलं.

माझ्या वेळी, 1979 साली, अडचण निराळी होती. माझा मुलगा चिमट्याने काढलेला. त्याची मान एका कुशीला बरी असायची, दुसरीकडे वळवली की किंचाळायचा. त्यामुळे उजवीकडे घेतला की शांत, डावीकडे घेतला की कमान टाकून रडणार. मी समजले, डावं दूध त्याला आवडत नाही. दोन बाजूंच्या दुधाची चव निराळी असते असंही कुणीतरी सांगितलं. आजीने तो रडण्याचा खेळ दोन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी पोर उजवीकडे पीत असतानाच तिने त्याला न वळवता, न उचलता, तसंच आडवं डावीकडे सरकवलं. पाय माझ्या काखेखालून मागे, मान जशीच्या तशी. त्याने तोंड उघडलं आणि धरलं. त्याला काही बदलल्याचं कळलंही नाही. मला आठवतं, आजीचा हात त्याच्या मानेखाली होता, त्या हाताला हळदीचा आणि लसणाचा वास येत होता, आणि आम्ही दोघी श्वास रोखून ऐकत होतो. गटक.

तीन महिन्यांची रजा संपली आणि मी शाळेत रुजू झाले. अकराच्या सुमाराला, वर्गात पाढे चालू असताना उजवी बाजू दाटून यायची. शेजारच्या घरातलं तान्हं रडलं तरी पान्हा फुटायचा. फळ्याकडे तोंड करून, हात छातीशी घट्ट धरून उभी राहायची मी. आजी लहानपणी आम्हाला हिरकणीची गोष्ट सांगायची. कोजागिरीला गडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं, आणि ती रायगडाचा कडा उतरून गेली. सगळे तिच्या मायेचं सांगतात. मला त्या फळ्यासमोर कळलं, की तिचा ऊर दाटला असणार. अंधारात कड्याला बिलगून उतरताना खडक तिच्या ठणकणाऱ्या छातीला लागत असणार. आता आपल्या एसटी स्थानकांवर आयांना पाजायला खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. तिथे कुलूप दिसलं की माझा जीव तुटतो.

त्या खोलीने चुकाही केल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. आत्याच्या वेळी चीक पिळून टाकला होता. तीन दिवस पोराला मधाचं बोट आणि एरंडेलाचा थेंब. "चीक जड असतो, बाधतो," हे आजी ठामपणे सांगायची. पिवळसर, घट्ट, चमचा-दोन चमचेच यायचा, पण पोराचं पहिलं संरक्षण तेच. माझ्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई दारात उभ्या राहिल्या आणि आजीला म्हणाल्या, "आजी, गाईचा खरवस तुम्ही वाटून खाता ना? मग पोराच्या वाट्याचा का फेकता?" आजी काही बोलली नाही. पण माझ्या मुलाला चीक मिळाला. पिकल्या वयातही तिने रीत बदलली, हे मी विसरत नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, मेथी, शतावरी, सगळं व्हायचं. बाळंतिणीच्या अंगाला ते लागायचंच. पण ताईने एकदा विचारलं, डाव्या अंगासाठी आणखी काय खाऊ? आजी म्हणाली, "अळीव पोटात जातो, तो दोन्हीकडे सारखाच जायचा. कमी अंगाला पोर लाव."

आता धाकटीचं. ती 1983 ला बाळंत झाली. खोलीत सव्वा महिना होती तोवर ठीक होतं. उजवं भरलेलं, डावं कमी, पण आजीच्या देखरेखीखाली चाललं होतं. मग ती सासरी गेली, दुसऱ्या गावाला. पोर संध्याकाळी किरकिर करायचं, जशी सगळी तान्ही करतात. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, डावीकडून दोन थेंब आले ते बघितले, आणि म्हणाले, "या बाजूचं दूध आटलंय. एकाच बाजूवर पोर वाढत नसतं. डबा सुरू करा." त्या काळी दवाखान्याच्या भिंतीवर डब्याच्या दुधाची कॅलेंडरं असायची, गुटगुटीत बाळांची. धाकटी सांगते, डॉक्टर बोलत होते आणि ती त्या बाळाच्या गालांकडे बघत होती. डबा आला, बाटली आली. बाटलीतून धार आपोआप येते, मग पोर छातीशी कशाला झगडेल? आठवड्याभरात त्याने डावं सोडलं. उजवंही निम्मं झालं.

चौथ्या महिन्यात ती वाईला आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन डबे होते. आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, डोळ्यांत मोतीबिंदू. तिने डबे फेकले नाहीत, रोज एक चमचा कमी करत गेली. पोर दर दोन तासांनी उजवीकडे, आणि मध्यरात्री, अर्धवट झोपेत असताना, डावीकडे. लंगोट किती भिजतात ते ती मोजायची, सहा-सातच्या खाली आले तर डबा जरा वाढवायचा. तीन आठवड्यांत डबे सुटले. उजवं परत भरलं. डावीकडे पुन्हा दूध उतरलं, पण किती? सकाळी आजीने घडी धाकटीला दाखवली. तिच्यावर रुपयाएवढा ओला डाग होता. तो डाग पुढे कधी मोठा झाला नाही. दीड वर्षाचा होईपर्यंत पोर जवळजवळ एका उजव्या अंगावर राहिलं, सहा महिन्यांनंतर पेज, मऊ भात, केळं सोबतीला. आजी 1985 च्या थंडीत गेली.

1991 मध्ये वर्ध्याला स्तनपानाचा पुरस्कार करणारी एक देशव्यापी संस्था उभी राहिली, 1992 मध्ये कायदा झाला, डब्याच्या दुधाच्या जाहिराती थांबल्या, डब्यांवरची बाळांची चित्रं गेली. धाकटीसाठी हे सगळं नऊ वर्षं उशिरा आलं. तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती, की माझं पोर उपाशी राहिलं. मुलगा सर्दी-खोकल्याने आजारी पडला तरी ती मनाशी म्हणायची, लहानपणीच कमी पडलं ना. शाळेत मार्क कमी पडले तरी तेच. आम्हाला सांगायची नाही. नवऱ्यालाही नाही. हे आम्हाला कळलं ते 2023 मध्ये, कोथरूडला, अक्काच्या नातीच्या घरी.

नात बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. सव्वीस आठवड्यांची रजा, तीही 2017 ला कायदा बदलला म्हणून. ती मिळाल्याचं मला फार समाधान होतं. आम्ही पाचही म्हाताऱ्या तिला बघायला गेलो, आत्या काठी टेकत. नात सोफ्यावर बसून रडत होती. समोरच्या टीपॉयवर पंपाच्या दोन बाटल्या. उजवी नव्वद मिलीच्या रेघेला, डावी पस्तीसच्या. फोनमध्ये प्रत्येक वेळचं कुठल्या बाजूला किती मिनिटं ते लिहिलेलं होतं. "आजी, माझी एक बाजू खराब आहे," ती म्हणाली.

बोलायला सुरुवात आत्याने केली. "माझं डावं," ती म्हणाली. अक्का म्हणाली, "माझं उजवं, चिऱ्यानंतर." ताई म्हणाली, "डावं." मी म्हणाले, "डावं." जवळजवळ साठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही हे मोठ्याने बोलत होतो, फ्लॅटच्या हॉलमध्ये, भर दुपारी, उजेडात. नात एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. आम्हीही एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो.

दुपारी स्तनपान सल्लागार बाई आल्या. तरुण, हसऱ्या. पोराची मान बघितली, तोंडात जीभ कशी आहे ते बघितलं, मग नातीला सांगितलं, की दोन्ही बाजू सारख्या नसणं हेच जास्त आढळतं. पंपातलं माप म्हणजे पोर पितं ते माप नव्हे. भुकेलं असताना कमी बाजूला आधी, दिवसातून एक-दोनदा जास्त. भरलेली बाजू पार रिकामी करत बसू नको. पोर अचानक एक बाजू सोडायला लागलं आणि तिथे न विरघळणारी गाठ लागली, तर मात्र डॉक्टरला दाखवायचं. आम्ही ऐकत होतो. ताईने माझा हात दाबला. मग त्या म्हणाल्या, "आणि अगदी एकाच बाजूवर वाढलेली बाळंही असतात. जुळ्यांना प्रत्येकी एकच बाजू मिळते ना."

धाकटी खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, "एका बाजूवर पोर उपाशी राहत नाही?"

"वजन वाढत असेल तर नाही, आजी."

धाकटी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वर्षाचा झाला तेव्हा साडेनऊ किलो होता."

बाईंनी फोनवर वजनाचा तक्ता उघडला, मुलग्यांचा, आणि बाराव्या महिन्यावर बोट ठेवलं. मधली रेघ साडेनऊच्या जराशी वर जात होती. धाकटीने चष्मा पुसला, फोन हातात घेतला, आणि ती रेघ बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. अक्काने उठून चहा टाकला.

संध्याकाळी ताईने नातजावयाचा एक जुना पंचा मागून घेतला. धोतर त्या घरात नव्हतंच. कात्रीने कडा कापून ती वीत-वीत मापायला लागली. बाजारात आयते पॅड मिळतात, नातीने दाखवलेही, पण ताईचा हात थांबला नाही.

"किती करू गं?" तिने विचारलं.

धाकटी म्हणाली, "उजव्याला सहा, डाव्याला दोन. आणि डाव्याच्या वेगळ्या वाळत घाल."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. पहाटे पाण्याला उठले तर गॅलरीतला दिवा लागलेला. आत्या, सत्त्याहत्तर वर्षांची, काठी भिंतीला टेकवून कपड्यांच्या स्टँडपाशी उभी होती, आणि डावीकडची घडी चिमटीत धरून बघत होती.